चाचणी बाद!

दिघीत गहू पिकत नाही. तो पोत्यातून येतो. आमच्याकडची जमीन एक तर खारी, नाहीतर डोंगरउताराची वरकस. पावसाळ्यात भात, भात निघाल्यावर ओलीवर वाल, परसात नारळ आणि सुपारी. राजपुरीच्या खाडीकाठच्या या गावात जन्मून मी नोकरीची निम्मी वर्षं देशावर गव्हाचे वाफे मोजण्यात काढली. आई शेजारणींना सांगायची, "त्याला सरकारनं गव्हाची परीक्षा घ्यायला ठेवलाय." आम्ही हसायचो. पुढे लक्षात आलं की माझ्या कामाची इतकी नेमकी व्याख्या नेमणुकीच्या हुकमातही नव्हती. आईला ठाऊक नव्हतं ते एवढंच की या परीक्षेत गव्हापेक्षा पर्यवेक्षकच जास्त वेळा नापास होतात.

परीक्षेची दर्शनी बाजू वाचकांच्या परिचयाची आहे. नवा वाण, हेक्टरी इतके क्विंटल, तांबेरा रोगाला प्रतिकारक, पाहुण्यांच्या हातात ओंब्यांची जुडी. २०२० साली सातारा जिल्ह्यातल्या करंजखोप गावची बातमी गाजली होती: एमएसीएस ६४७८ हा वाण लावून तिथल्या शेतकऱ्यांचं उत्पादन हेक्टरी २५-३० क्विंटलांवरून ४५ ते ६० क्विंटलांवर गेलं. त्या एमएसीएसची गंमत मात्र बातमीत नव्हती. ते 'महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स'चं लघुरूप. १९४६ साली पुण्यात स्थापन झालेल्या या संस्थेचं नाव १९९२ मध्ये बदलून आघारकर संशोधन संस्था झालं. संस्थेनं नाव बदललं, तिचे गहू मात्र अजून माहेरचंच नाव लावतात.

असा वाण बातमीत यायच्या आधी वर्षानुवर्षं विंगेत उभा असतो. गव्हाचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प १९६५ मध्ये सुरू झाला. त्यानं देशाचे विभाग पाडले. हिमालयाच्या डोंगरी मुलखाचा वेगळा, महाराष्ट्र-कर्नाटकाचा द्वीपकल्पीय वेगळा. एकच वाण अनेक केंद्रांवर, अनेक वर्षं पेरायचा आणि पाहायचं की तो एकाच ठिकाणी भाव खातो की सगळीकडे बरा उतरतो. गावच्या जत्रेत गाजलेला फड पुण्यात पडतो, त्यातलाच प्रकार. पक्षपात होऊ नये म्हणून पाकिटावर वाणाचं नाव नसतं, फक्त सांकेतिक क्रमांक असतो. गुप्तता कडक. ती कोण फोडायचं? ज्याचा वाण, तोच. पेरणीनंतर महिन्याभरात दुरून फोन यायचा आणि आवाज अगदी सहज विचारायचा, "बाकी ठीक ना? सात नंबरला पाणी वेळेवर देताय ना?"

देशावरच्या एका केंद्रात (नाव विचारू नका, पेन्शन चालू आहे) थोर पाहुणे यायचे होते. प्रात्यक्षिकाच्या वाफ्यांना सजवायची आज्ञा झाली. कुणी एक हात जास्त युरिया दिला, कुणी एक पाणी जास्त दिलं, आणि दोघांनी एकमेकांना सांगितलं नाही. गहू असा हिरवागार माजला की साहेबांनी स्वतः फोटो काढले. भेटीच्या आदल्या संध्याकाळी वारा सुटला आणि सारा गहू चटईसारखा लोळला. रात्री बॅटरीच्या उजेडात आम्ही बांबू रोवून सुतळीनं गहू उभा बांधत होतो. सकाळी पाहुणे आले, बांधलेल्या वाफ्यांवरून नजर फिरवली आणि कडेच्या, कुणीही लाड न केलेल्या, पाटीसुद्धा नसलेल्या पट्ट्यासमोर थांबले. "वा! हा नवा वाण कोणता?" साहेब गप्प. तो लोकवन होता. कडेला जागा उरली म्हणून पेरलेला.

लोकवनचं नावही ऐकण्यासारखं आहे. महाराष्ट्रातल्या कुठल्याही वाण्याकडे जा, "लोकवन द्या" म्हटलं की तो पोतं उघडतो. माझे एक शेजारी हा गहू कुठल्याशा जंगलातून येतो असं समजून वर्षानुवर्षं श्रद्धेनं खात होते. प्रत्यक्षात तो गुजरातचा. भावनगर जिल्ह्यातल्या सणोसरा इथे लोकभारती नावाची ग्रामविद्यापीठाच्या धर्तीवरची शिक्षणसंस्था आहे, तिथे हा तयार झाला. संस्थेच्या नावातला 'लोक' आणि पुढे आकडा १: लोक-१. इंग्रजी शिकलेल्यांनी तो 'लोक-वन' वाचला आणि मराठी बाजारानं त्याचं वन करून टाकलं. १९८० च्या दशकात तो असा पसरला की पुढची अनेक वर्षं मोठमोठ्या केंद्रांचे वाण त्याच्यापुढे चाचण्या जिंकायचे आणि बाजारात हरायचे. तांबेऱ्याला तो बळी पडतो हे सगळ्यांना माहीत. पण थंडी कमी असो, पेरणी उशिरा होवो, तो वेळेत आटपतो आणि पोळी चांगली देतो. शेतकऱ्यानं त्याला पास करताना आमची गुणपत्रिका मागितली नाही.

पाखरांनीही कधी मागितली नाही. एका वर्षी आमच्या चाचणीत एक लवकर येणारा वाण होता. बाकीचे वाफे हिरवे असताना याच्या ओंब्या दाण्यावर आल्या. आसपासच्या पाच शिवारांतली पाखरं पहाटेच हजर. राखण्या होता, पण त्याचं गोफणीपेक्षा बिडीवर प्रेम अधिक. काढणी झाली, वजन झालं, आणि हा वाण आमच्या केंद्रात तळाला गेला. दुसऱ्या केंद्रांवर जाळी होती, तिथे तो वर होता. अहवालात शेरा पडला: 'उत्पादनात स्थैर्य नाही.' पुढच्या फेरीत तो गळाला. पाखरांनी सगळ्या चाचणीतून एकमतानं निवडलेला वाण शास्त्रज्ञांनी नाकारल्याचं हे एकच उदाहरण माझ्या पाहण्यात आहे.

वाणाला सगळीकडे चालतं करण्याची युक्ती जिथे सापडली तिथली आतली गोष्टही भांडणाचीच आहे. गहूशास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग १९४४ मध्ये मेक्सिकोत गेले. वर्षाला एक पीक, एक पिढी. या गतीनं तांबेऱ्याशी लढायला आयुष्य पुरणार नाही हे त्यांना दिसत होतं. त्यांनी ठरवलं, हिवाळ्यात उत्तरेकडच्या सोनोरा प्रांतात, जवळजवळ समुद्रसपाटीला, पेरायचं आणि तेच बी उन्हाळ्यात टोलुकाच्या पठारावर, सुमारे २६०० मीटर उंचीवर, पुन्हा पेरायचं. त्या काळचं शास्त्र सांगायचं की काढणीनंतर बियाण्याला विश्रांती लागते, आणि जिथे लावायचा तिथेच वाण घडवावा. वरिष्ठ जॉर्ज हॅरर नाही म्हणाले. बोरलॉगनी राजीनामा टेकवला. शेवटी त्यांचे गुरू एल्विन स्टॅकमन मध्ये पडले आणि परवानगी मिळाली. हेतू फक्त वेळ वाचवण्याचा होता. पण डोंगर आणि सपाटी, मोठा दिवस आणि लहान दिवस अशा दोन घरी आळीपाळीनं नांदून जे वाण टिकले ते दिवसाच्या लांबीची पर्वाच करीनासे झाले. मेक्सिकोचा गहू पंजाबात रुजला तो त्यामुळे. जगातला सर्वांत गाजलेला स्थैर्याचा प्रयोग हा मुळात घाईचा प्रयोग होता.

ते बियाणं भारतात आलं तो प्रवासही सरळ नव्हता. १९६५ साली भारत आणि पाकिस्तान दोघांसाठी मेक्सिकन गव्हाचं बियाणं निघालं. ट्रक अमेरिकेच्या सीमेवर अडले, लॉस एंजेलिसमध्ये दंगल पेटलेली, बंदराचा रस्ता बंद. कसंबसं जहाज सुटलं, आणि बियाणं वाटेत असतानाच ज्या दोन देशांसाठी ते निघालं होतं ते एकमेकांशी लढू लागले. एवढ्यानं भागलं नाही. कीड लागू नये म्हणून बियाण्याला धुरी अशी काही देण्यात आली होती की उगवण निम्म्यावर आली. बोरलॉगनी निरोप पाठवला: बियाणं दुप्पट पेरा. हरितक्रांतीचा पहिला मोठा हंगाम म्हणून आपण जो अभिमानानं सांगतो, तो आमच्या केंद्रात झाला असता तर 'उगवण असमाधानकारक' म्हणून त्याच आठवड्यात नांगरला गेला असता.

पुढच्याच वर्षी भारतानं १८,००० टन बियाणं मागवलं, त्यात दोन नावं मुख्य: सोनोरा ६४ आणि लेर्मा रोहो. सोनोरा हा सपाटीचा प्रांत, लेर्मा ही टोलुका खोऱ्यातली नदी. म्हणजे सपाटी आणि डोंगर दोघांचेही प्रतिनिधी. उत्पादन भरघोस. पण रोहो म्हणजे स्पॅनिशमध्ये तांबडा, आणि दाणाही नावाप्रमाणेच. आपल्याकडे पोळी-रोटीला सोनेरी दाणा लागतो. देशात धान्याची टंचाई होती, बोटीनं आलेल्या गव्हावर रेशन चालू होतं, तरी लोक रंगावर अडले. मग मेक्सिकोहून आलेल्या साहित्यातूनच सोनेरी दाण्याच्या निवडी झाल्या. पंजाबच्या शास्त्रज्ञांनी आपल्या निवडीला कल्याण म्हटलं, दिल्लीच्या शास्त्रज्ञांनी आपल्या निवडीला सोना. मूळ संकर एकच. दोन्ही घराणी मागे हटेनात. तोडगा लग्नपत्रिकेसारखा निघाला: दोन्ही नावं छापा. म्हणून तो कल्याणसोना. आमच्या बाजूला ठाण्याजवळचं कल्याण आणि सोन्याचा भाव यांच्याशी त्याचा संबंध जोडणारेही मला भेटले आहेत.

कल्याणसोना हा स्थैर्याचा आदर्श. जिथे पेरला तिथे चालला, म्हणून सगळ्यांनी सगळीकडे तोच पेरला. घात तिथेच झाला. १९७० च्या दशकात पानांवरच्या तांबेऱ्याच्या नव्या प्रकारांना त्याचं कुलूप उघडता आलं, आणि एका दाराची किल्ली साऱ्या देशाच्या दाराला लागली. चाचणीत आम्ही वाणाला दहा ठिकाणी लावून बघतो. तो दहा लाख शेतांत एकदम लागला तर काय होईल, हा प्रश्न पत्रिकेत नसतो. सगळीकडे चालणं हीच एखाद्या वाणाची सर्वांत धोकादायक सवय असू शकते, हे त्या वेळी कुणी शेऱ्यात लिहिलं नव्हतं.

तांबेऱ्यावरून महाबळेश्वर आठवतं. लोक तिथे पॉइंट बघायला आणि स्ट्रॉबेरी खायला जातात. गहूवाले वेगळ्याच कारणानं जातात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं गहू गेरवा (म्हणजे तांबेराच) संशोधन केंद्र तिथे आहे. तांबेऱ्याचे अभ्यासक करमचंद मेहतांनी फार पूर्वी दाखवून दिलं होतं की सपाटीवरच्या उन्हाळ्यात तांबेरा मरतो. तो जगतो डोंगरांत, हिमालयात आणि निलगिरीत, आणि थंडीत वाऱ्यावर बसून खाली उतरतो. मेहतांच्या नंतरच्या अभ्यासकांनी निलगिरीतून निघणाऱ्या त्या वाऱ्यांच्या वाटाही शोधल्या. म्हणजे डोंगर हा गव्हाच्या शत्रूचं आजोळ. म्हणून परीक्षाही डोंगरावर घ्यायची. वर्षाला ५००० मिलिमीटरहून जास्त पाऊस, धुकं, दमट थंड हवा. गहू आजारी पडायला याहून चांगली जागा नाही. इतर केंद्रांत पान पिवळं पडलं की साहेबांचा चेहरा पडतो. इथे तुमचा वाण पाहिजे तेवढा आजारी पडला नाही, तर प्रयोग फसला! केनियातल्या न्जोरोत, २००० मीटरहून अधिक उंचीवर, हाच खेळ जागतिक पातळीवर चालतो: १९९८-९९ मध्ये युगांडात प्रथम दिसलेल्या युजी ९९ या खोडाच्या तांबेऱ्यासमोर देशोदेशीचे गहू मुद्दाम उभे केले जातात. डोंगरावरून जिवंत परतलेल्या वाणालाच सपाटीवर मान मिळतो.

मापाच्या भांडणाशिवाय ही कथा पुरी होत नाही, आणि त्यात आपला माणूस आहे. शेतात किती पिकलं हे सगळं शेत न कापता कसं मोजायचं? संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस म्हणत, लहान लहान वर्तुळं कापा, पुष्कळ कापा, झटपट कापा. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे म्हणत, तुकडा मोठाच हवा. वाद १९४६ साली 'नेचर'पर्यंत गेला. सुखात्म्यांनी लिहिलं, महालनोबिसांनी उत्तर दिलं. मुद्दा ऐकायला क्षुल्लक आहे. वर्तुळाच्या काठावर उभं असलेलं रोप आत धरायचं की बाहेर? कापणाऱ्याचा हात उदार असतो. तो आत धरतो. तुकडा जितका लहान तितका काठ जास्त, आणि तितकं उत्पादन फुगतं. सुखात्मे आणि व्ही. जी. पानसे यांचं १९५४ सालचं संख्याशास्त्राचं पुस्तक पुढे शेतकी महाविद्यालयांचं धर्मपुस्तक झालं. पोरं पुस्तकाचं नाव घेत नाहीत, नुसतं 'पानसे-सुखात्मे' म्हणतात. मी ते तीनदा वाचलं. तरी काठावरची भरलेली ओंबी दिसली की माझा विळा आतच वळायचा.

आता स्थैर्याच्या गणिताकडे. फार खोल जात नाही. साहेबही जात नसत. ऑस्ट्रेलियात फिनले आणि विल्किन्सन यांनी १९६३ मध्ये बार्लीच्या २७७ वाणांवर एक साधी युक्ती केली. जागा चांगली की वाईट, हे कोण ठरवणार? तिथे लावलेल्या सगळ्या वाणांची सरासरी. मग वाईट जागेपासून चांगल्या जागेपर्यंत एकेका वाणाचं उत्पादन कसं चढतं, त्याचा उतार काढायचा. उतार तीव्र असला तर तो श्रीमंतांचा वाण: खत-पाणी दिलं तर उड्या मारतो, नाही दिलं तर रुसतो. उतार कमी असला तर तो गरिबाघरी टिकणारा. १९६६ मध्ये एबरहार्ट आणि रसेल यांनी त्यात भर घातली: उतारासोबत हेही बघा की वाण त्या रेषेला धरून चालतो की मधेच भरकटतो. आमच्या केंद्रात ही गणितं संगणकावर आली त्या वर्षी एक वाण 'सर्वाधिक स्थिर' ठरला. उतार जवळजवळ शून्य, रेषेला घट्ट धरून. सगळे आनंदले. मग कुणीतरी सरासरीचा रकाना बघितला. तो वाण दहाही ठिकाणी, न चुकता, नापास होता.

सरासरी, उतार यांच्याइतकाच महत्त्वाचा तिसरा आकडा म्हणजे सी. व्ही. एकाच वाणाचे सारख्या जमिनीतले वाफे आपसांत किती फटकून वागतात, त्याचं ते माप. ते ठरावीक मर्यादेबाहेर गेलं की त्या केंद्राची चाचणी बाद. 'बाद' हा शब्द आमच्याकडे शिवीसारखा. वर्षभराचं काम कचऱ्यात आणि वर बैठकीत मान खाली. माझ्या एका सहकाऱ्याची सी. व्ही. दर वर्षी सुरेख यायची. शेत उंचसखल, एका कोपऱ्यात चुनखडी, दुसऱ्यात पाणी साचायचं, तरी आकडे कसे मोत्याचे दाणे. बैठकीत त्याचं नाव आदरानं घेतलं जायचं. एकदा मी विचारलं, "इतकी सारखी वजनं येतात कशी?" तो म्हणाला, "काटा चांगला आहे." पुढे त्याची बदली झाली आणि मी त्या केंद्राचा ताबा घेतला. वजनकाटा गोदामात होता. दोन वर्षांपासून मोडलेला.

मोडक्या काट्याची चाचणी अहवालात गेली. खऱ्या गारपिटीची गेली नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रभर गारा पडल्या, तेव्हा उभा गहू झोडपून निघाला. काही वाफे साफ झोपले, काही अर्धे, काही आश्चर्यकारकरीत्या उभे. जवळच्या एका केंद्रातला ओळखीचा माणूस वाफ्यांच्या नोंदी घेऊन बसला होता: कोण पडला, कोण उभा राहिला. वरून एका ओळीचा निर्णय आला, आणि नियमानं तो बरोबरच होता. सी. व्ही. मर्यादेबाहेर, चाचणी बाद. स्थैर्याची परीक्षा म्हणजे वाईट वर्षाची परीक्षा. आणि आमच्या नियमानुसार वर्ष खरोखर वाईट निघालं की परीक्षाच रद्द!

नोकरीच्या शेवटच्या टप्प्यात मी किनाऱ्यावर आलो; गव्हाऐवजी भात, वाफ्याऐवजी खाचर. शेतकऱ्यांच्या शेतात वाण लावून बघायचे होते, त्यातलं एक शेत आमच्याच खारीत. बियाण्याची पाकिटं घेऊन मी अगरदांड्याहून लाँचनं दिघीला निघालो. जूनचा पहिला आठवडा, खाडी खवळलेली. एक लाट काठावरून आत आली आणि थेट माझ्या पिशवीत. घरी येऊन पाहतो तो पाकिटांवरचे सांकेतिक क्रमांक शाईसकट वाहून गेलेले. निळ्या डागांची आठ पाकिटं. गुप्तता इतकी पूर्ण कधीच झाली नव्हती; आता मलासुद्धा काही कळत नव्हतं.

ज्यांच्या शेतात चाचणी होती त्या आबांनी पाकिटं ओटीवर मांडायला लावली. लहानपणी मला खांद्यावर बसवून खारीत नेलेला माणूस. आता मुद्दाम 'सायेब' म्हणायचा. एकेक दाणा उचलला, नखानं तूस काढलं, दाताखाली धरला. "ही रत्ना. ही जया. हे दोन कर्जतचे, त्यातला हा आखूड. हे पनवेलचे. आणि हा बघ, हा कोण बसलाय साळसूदासारखा?" काळपट तुसाचा, आत तांबडा तांदूळ. काळा राता, खाडीकाठच्या खाऱ्या शेतांतला पिढीजात वाण, तुलनेसाठी घातलेला. शास्त्राच्या यादीत तो काळा राता १-२४ म्हणून बसतो. आबांकडे तो कणगीत बसायचा. मी मुख्य कार्यालयातून यादी मागवून ताडून पाहिली. आठपैकी आठ बरोबर. वर्षभर पाळायची गुप्तता एका म्हाताऱ्याच्या दोन उरलेल्या दाढांनी चहा उकळायच्या आत फोडली.

आखणी मात्र शास्त्रशुद्ध केली. आठ वाण, तीन पुनरावृत्त्या, चिठ्ठ्या टाकून वाफ्यांची जागा ठरवलेली. आबांना ते पटेना. "राता बाहेरकाठ्याकडे लाव, रत्ना वरच्या चोंढ्यात. ज्याची त्याची जागा ठरलेली असते." मी समजावलं की प्रत्येकाला सगळ्या जागी संधी मिळायला हवी, नाहीतर पक्षपात होतो. आबा म्हणाले, "म्हणजे रत्नाला खाऱ्या पाण्यात बुडवायची, तिच्यावर अन्याय नको म्हणून?" मी हसलो आणि चिठ्ठ्यांप्रमाणेच लावणी केली. संख्याशास्त्राला मी घाबरत होतो, आबा घाबरत नव्हते. दोघांपैकी खाडीला कोण नीट ओळखत होतं, हे कळायला तीन महिनेही लागले नाहीत.

पीक निसवायच्या बेतात असताना अमावास्येचं उधाण आणि मुसळधार पाऊस एका रात्री गाठ पडले. उघाडीच्या, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दाराच्या, फळ्या चिंबोऱ्यांनी पोखरलेल्या कडेपाशी सरकल्या, बांधाला खांड गेली आणि खाडी शेतात आली. १९४८ चा खारभूमी कायदा, १९७९ चा कायदा, बांधाची जबाबदारी नेमकी कोणाची याचे कागद. हे सगळं मला तोंडपाठ होतं, आणि भरतीला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. दोन दिवसांनी पाणी ओसरलं. एक पुनरावृत्ती वाहून गेली होती, दुसरीत बरेचसे वाफे करपले होते. रत्ना गेली, जया गेली. पनवेलचे वाण, जे खारीसाठीच घडवलेले, पिवळे पडूनही तग धरून होते. आणि राता? लोळलेला, चिखलानं माखलेला. पण लोंबी धरून.

मी वही उघडून वाफा-वाफा लिहिलं. हे उत्पादन नव्हतं, ही साक्ष होती. काढणीनंतर आकडे पाठवले. अपेक्षेप्रमाणे उत्तर आलं: पुनरावृत्त्या अपुऱ्या, सी. व्ही. मर्यादेबाहेर, चाचणी बाद. नियम चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. एका वाहून गेलेल्या शेतावरून कुणी साऱ्या किनाऱ्याला शिफारस करू नये. तरी ती वही मी जमा केली नाही. रद्दीत घालवली, असं कागदोपत्री दाखवलं. माझ्या नोकरीतला एवढा एकच गैरव्यवहार.

पुढच्या वर्षी मिरगाच्या आधी आबांकडे गेलो. ओटीवर थाळीत तांबड्या तांदळाची पेज होती, बाजूला भाजलेला सुका बोंबील. त्यांनी विचारलं, "सायेब, गेल्या सालचा निकाल काय लागला?"

"चाचणी बाद झाली, आबा."

"बाद?" त्यांनी थाळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मग हे आम्ही वर्षभर खातोय ते काय?"